सोसायटीच्या फळ्यावर रोजची भेळ

3 × 2 फुटांचा फळा घ्या. अक्षर इंचभर उंच ठेवा, म्हणजे दहा फुटांवरून वाचता येतं. दोन ओळींत तेवढीच जागा सोडा, नाहीतर वरच्या ओळीचे उकार खालच्या वेलांट्यांत अडकतात. मजकूर 50 शब्दांच्या आत हवा. लिफ्ट येईपर्यंत वाचून झाला पाहिजे.

आधी माहिती, मग कोडं, शेवटी विनोद किंवा मनातलं एखादं वाक्य. दोन्ही नकोत.

खरी मेहनत कोड्यावर. ‘दोन अंकी संख्या उलटी केली की 27 ने वाढते’ एवढंच लिहिलंत तर 14, 25, 36, 47, 58, 69 अशी सहा उत्तरं निघतात आणि पुण्यात सहाही जण आपलंच बरोबर म्हणून भांडतात. ‘अंकांची बेरीज 9’ ही अट घाला. 36 एकटंच उरतं. उत्तर दुसऱ्या दिवशी, कोपऱ्यात.

विनोद पुणेरी पाटीसारखा तुटक चालेल, पण शेजाऱ्याच्या पार्किंगवर नको. 12 जुलैला पानशेतची धरणफुटी (1961) लिहाल, त्या दिवशी विनोद गाळाच.

ओल्या फळ्यावर खडू नीट उमटत नाही. पुसून, वाळू देऊन मगच लिहा.