नीटच्या निकालाचा फ्लेक्स पोर्टफोलिओतून काढू नका

शुक्रवारी साडेतीनला मीटिंगला बोलावलं, चार वाजता माझं लॉगिन बंद. पुण्यातल्या त्या एजन्सीत ग्राफिक डिझायनर म्हणून चार वर्षं काढली होती. मोठा क्लायंट गेला, म्हणून आम्ही पाच जण गेलो. रविवारी रात्रीच्या ट्रॅव्हल्सनं लातूर गाठलं. शेजारच्या काकूंनी "सुट्टीवर आलास का रे?" विचारलं, तर हो म्हणालो. त्या एका 'हो'वर दोन महिने काढले. तेव्हा तुमचीही डिझायनरची नोकरी गेली असेल, तर तुम्ही आत्ता कुठल्या अवस्थेत आहात याची मला चांगली कल्पना आहे.

पहिल्या आठवड्यात रडा, पण कागद मिळवा. रिलीव्हिंग लेटर, अनुभवपत्र, शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा. एचआरवालाही कधीतरी नोकरी सोडतो आणि मग फोन उचलायला कुणी उरत नाही.

आता ज्या चुकीसाठी लिहायला बसलो ती. पुण्याला जायच्या आधी दोन वर्षं मी औसा रोडला मामाच्या फ्लेक्सच्या दुकानात बसायचो. क्लासेसचे निकाल, डाळ मिलच्या गोण्या, लग्नपत्रिका. नवा पोर्टफोलिओ, म्हणजे मुलाखतीत दाखवायचा कामांचा संग्रह, करताना हे सगळं लाजून काढून टाकलं. त्याजागी काय घातलं, तर कुठंच अस्तित्वात नसलेल्या कॉफी ब्रँडचं पॅकेजिंग आणि दोन बँकिंग ॲपचे रिडिझाइन. मी आयुष्यभर टपरीवर चहा प्यालेला माणूस! एकूण ४२ पानं झाली. चकाचक मॉकअप (डिझाइन खऱ्या वस्तूवर कसं दिसेल त्याची चित्रं), सगळं इंग्रजीत.

पॅकेजिंग करणाऱ्या एका स्टुडिओतल्या मॅडमनी ऑनलाइन मुलाखत घेतली. पानं भराभर खाली सरकवत विचारलं, "तुम्ही लातूरचे ना? मग देवनागरी कुठंय?" म्हटलं, आहे की, पाठवतो. "ओपन फाइल पाठवा, बदल करता येतील अशी. अक्षरं कशी बसवलीत ते बघायचंय." मामाच्या कॉम्प्युटरमधून जुनी फाइल शोधली आणि घाईत तशीच मेल केली. अर्ध्या तासानं त्यांच्याकडून नुसता स्क्रीनशॉट आला. 'तूर डाळ'च्या जागी रोमन अक्षरं, कंस आणि टिंबं.

हे नीट समजून घ्या, कारण आपल्याकडच्या बऱ्याच दुकानांत आजही हेच चालतं. श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये आपण 'क' बघतो, पण फाइलमध्ये 'क' नसतोच. तिथं एखादं रोमन अक्षर किंवा चिन्ह असतं आणि फॉन्ट त्याला 'क'चा मुखवटा घालतो. समोरच्याकडे तो फॉन्ट नसेल तर मुखवटा गळतो. "फाइल कर्व्ह करून पाठव", म्हणजे अक्षरांचे नुसते आकार करून पाठव, असं प्रेसवाले म्हणतात ते म्हणूनच. पण कर्व्ह केली की मजकूर बदलता येत नाही, आणि ओपन फाइल मागणाऱ्याला तर मजकूर कसा बसवलाय तेच बघायचं असतं. म्हणून निवडक जुनी कामं युनिकोडमध्ये पुन्हा बसवा, तिथं 'क' म्हणजे फाइलमध्येही 'क'च असतो. कन्व्हर्टर वापरा, पण जोडाक्षरं, रफार आणि 'ऱ्या', 'ऱ्हा' डोळ्यांनी तपासा, तिथं हमखास घोळ होतो. फॉन्ट गुगल फॉन्ट्सवरचा मुक्ता किंवा बालू २ (Baloo 2) घ्या. दोन्ही मोफत आहेत, फाइलसोबत द्यायला अडचण नाही. इलस्ट्रेटर या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडं न बसता उजवीकडं पडत असेल तर प्रेफरन्सेसमधल्या टाइपमध्ये इंडिक ऑप्शन्स चालू करा आणि पॅराग्राफ पॅनेलमधून साउथ एशियन कंपोझर निवडा. मी ते न करता वेलांट्या हातानं सरकवत एक अख्खी रात्र घालवली आहे.

ती नोकरी गेलीच.

पण मॅडमचा प्रश्न डोक्यातून गेला नाही. नीटच्या, म्हणजे मेडिकल प्रवेश परीक्षेच्या, निकालाचा फ्लेक्स म्हणजे काय असतो? साठ मुलांचे फोटो, कुणाचा निळ्या पडद्यापुढचा, कुणाचा लग्नातल्या ग्रुप फोटोतून कापलेला. ७२० पैकी गुण लांबून दिसले पाहिजेत, सरांना स्वतःचा फोटो त्याहून मोठा हवा, 'ऋतुजा' की 'रुतुजा' यासाठी रात्री एकला पालकांना फोन, आणि उजाडायच्या आत फ्लेक्स चौकात. डाळीची गोणी घ्या. दोनच रंग, छपाईत रंग इकडंतिकडं सरकणार, बारीक मात्रा शाईत बुजणार, वर १४ अंकी परवाना क्रमांक, हिरवा ठिपका आणि निव्वळ वजन बसवायचं. माझ्या कॉफीच्या पाकिटाला यातली एकही अडचण नव्हती, म्हणून त्यावर बोलायलाही काही नव्हतं.

आता पोर्टफोलिओत सात कामं आहेत, प्रत्येकाखाली तीन ओळी: कुणासाठी, अडचण काय, त्यात माझं किती. तिसरी ओळ खरी लिहा. एजन्सीतलं काम त्यात घालायच्या आधी नोकरीचा करार वाचा, ते दाखवायला परवानगी आहे का बघा.

अभिप्राय मागताना "कसं वाटलं?" विचारू नका, लोक "भारी" म्हणून मोकळे होतात. "यातली दोन कामं काढायची तर कुठली?" असं विचारा. तेव्हाच माणूस खरं बघतो. पैसे घेऊन पोर्टफोलिओ तपासणारे मेंटॉर आणि ३० दिवसांत डिझायनर करणारे कोर्स यांच्यावर माझा काडीचा विश्वास नाही. मला सगळ्यात जास्त शिकवलं ते ऑफसेटच्या मशीनवाल्यानं, तेही शिव्या घालून. नोकरी देण्याआधी चाचणी म्हणून देतात तो 'टेस्ट टास्क' एका दिवसाचा असेल तर करा. तीन लोगो आणि महिनाभराच्या पोस्ट मागत असतील तर ते फुकटात काम काढून घेतायत, सरळ नाही म्हणा. घरी बसलेल्याला नाही म्हणणं जड जातं, माहितीय. मी दोनदा करून दिलं, दोन्ही वेळा पुढं काही कळवलं नाही.

माझी अजून पक्की नोकरी नाही. सहा महिन्यांच्या करारावर आहे, शिवाय दोन डाळ मिलची कामं घेतो, निम्मे पैसे आधी. दुसऱ्या मुलाखतीला त्या निकालाच्या फ्लेक्सवरच वीस मिनिटं बोलणं झालं. तुमच्याकडं असा फ्लेक्स असेल तर आजच दुकानात जाऊन फाइल घेऊन या. दुकानदार जुन्या फाइली कधी उडवेल सांगता येत नाही. पाठवायच्या आधी ती फॉन्ट नसलेल्या कॉम्प्युटरवर उघडून बघा, आणि व्हॉट्सॲपवर पाठवणार असाल तर फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठवा.