रोज 4 किलोमीटर आणि ॲव्हरेज फक्त 10? या चुका टाळा

पुण्यात वारज्यातून कोथरूडला कर्वे पुतळ्यापर्यंत ऑफिसला माझं रोजचं जाणं, साधारण 4 किलोमीटर, गाडी पेट्रोल हॅचबॅक, आणि स्क्रीनवर ॲव्हरेज काही 10 च्या वर जात नव्हतं. घेताना 20 च्या पुढचा आकडा ऐकलेला, त्यामुळे जीव वरखाली. दोनदा गॅरेजला नेली, प्लग बदलले, एअर फिल्टर बदलला, फरक काहीच नाही. कारण गाडीत बिघाड नव्हताच.

घेताना ऐकतो तो एआरएआयचा, म्हणजे गाड्या तपासणाऱ्या संस्थेचा आकडा. तो लॅबमध्ये, गाडी रोलरवर चालवून, साधारण 20 मिनिटांच्या ठरलेल्या टेस्टमधून काढतात, एसी बंद ठेवून. आपल्याकडे सकाळी इंजिन गार, ऑइल घट्ट, आणि गार इंजिन नीट चालावं म्हणून ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल जास्त सोडतो. टेंपरेचर मीटरचा काटा मध्यावर येईपर्यंत ऑफिसचं गेट आलेलं असतं, म्हणजे रोजचा अख्खा प्रवास इंजिनच्या सगळ्यात खादाड वेळात होतो. संध्याकाळी परत तेच.

मग मी सगळ्यात मोठी चूक केली. बायपासने चांदणी चौकात जायचं आणि तिथून पौड रोडने कोथरूडला उतरायचं असं सुरू केलं, जवळपास 9 किलोमीटर, पण गाडी मोकळी पळते, आणि आठवड्यात ॲव्हरेज 16 दिसायला लागलं, मी खूश! महिन्याअखेर हिशोब मांडला तेव्हा डोळे उघडले. महिन्याचे 25 दिवस, जाऊन-येऊन धरा. जवळच्या रस्त्याने 200 किलोमीटर, 10 च्या ॲव्हरेजने 20 लिटर. बायपासने 450 किलोमीटर, 16 च्या ॲव्हरेजने 28 लिटर. आकडा चांगला दिसावा म्हणून मी महिन्याला 8 लिटर जादा जाळत होतो, लिटरला 100 रुपये धरले तरी 800 रुपये गेले. तेव्हापासून मी लिटरला किती किलोमीटर हे बघायचं सोडलं, महिन्याला किती लिटर एवढंच बघतो.

ते मोजायचं तर "पाचशेचं टाका" ही सवय आधी सोडा. टाकी ऑटो कटपर्यंत फुल करा, ट्रिप मीटर शून्य करा, पुढच्या वेळी शक्यतो त्याच पंपावर परत फुल करा, जेवढे लिटर बसले तेवढेच जळले. छोट्या प्रवासात टाकी महिनाभर पुरते म्हणून धीर सुटतो, पण याशिवाय खरं कळत नाही.

पार्किंगमध्ये पाच-पाच मिनिटं गाडी गरम करत बसू नका. कार्ब्युरेटरच्या जमान्यात ठीक होतं, आताच्या इंजेक्शनच्या गाडीला अर्धा मिनिट पुष्कळ, मग पहिला किलोमीटरभर ॲक्सिलरेटर हलका ठेवून निघायचं. उभ्या गाडीचं मायलेज शून्य असतं.

खरा फायदा मला झाला तो फेऱ्या जोडून. आधी ऑफिसहून घरी, मग तासा-दीड तासाने भाजीला, मग रात्री औषधं, असं दर वेळी इंजिन थोडं थोडं गार व्हायचं. आता येतानाच सगळं उरकतो, लांबचं काम आधी, म्हणजे इंजिन एकदा तापलं की जवळची कामं गरम इंजिनवर होतात. शिवाय आठवड्यातून दोन-तीन दिवस स्कूटर काढतो, कारचं ॲव्हरेज त्याने एका पॉइंटनेही सुधारत नाही, पण पेट्रोल सरळ वाचतं.

टायरमधली हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरप्रमाणे, टायर गार असताना भरा. सीएनजीचा विचार असेल तर बऱ्याच गाड्या पेट्रोलवर सुरू होऊन इंजिन तापल्यावर सीएनजीवर जातात, 3-4 किलोमीटरच्या फेरीत त्यातला बराच भाग पेट्रोलवरच जाऊ शकतो, तेव्हा किटचे पैसे कधी वसूल होतील ते आधी मांडून बघा.

आणि फक्त एवढ्याच रनिंगसाठी बीएस6, म्हणजे आताच्या प्रदूषण नियमांची डिझेल गाडी घेऊ नका, कळकळीने सांगतो. त्यातला डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, साफ व्हायला सायलेन्सरकडची उष्णता बराच वेळ टिकावी लागते, छोट्या फेऱ्यांत तो काजळीने भरत जातो आणि दिवा लागतो. पेट्रोलवाल्यांनीही "किलोमीटर कुठे झालेत" म्हणून ऑइल बदलणं पुढे ढकलू नका. गार इंजिनमध्ये ऑइलात पाणी आणि पेट्रोल उतरतं, पावसाळ्यात ऑइलचं झाकण उघडलं तर आतून सायीसारखा पांढरट थर दिसतो, मी स्वतः बोटाने पुसलाय. मी आता वर्ष झालं की ऑइल बदलतो, रनिंग 3000 असो नाहीतर 2500.