गाणं कुणाचं, पैसे कुणाचे: नॅशव्हिलमधल्या स्वतंत्र कंट्री गायकांच्या धंद्यात नव्याने येणाऱ्यांसाठी

मी गायक नाही, हे आधीच सांगतो. मिडल टेनेसी स्टेट युनिव्हर्सिटीत रेकॉर्डिंग शिकायला नॅशव्हिलजवळच्या मर्फ्रीसबरोला आलो आणि इथलाच झालो. सध्या एका कंट्री गायिकेबरोबर काम करतो. कंट्री म्हणजे अमेरिकेच्या ग्रामीण भागातून आलेलं संगीत. ही गायिका स्वतंत्र आहे, म्हणजे कुठल्या रेकॉर्ड कंपनीशी बांधलेली नाही. ती गाणी लिहिते आणि गाते. मी बास वाजवतो, व्हॅन चालवतो, कार्यक्रमानंतर टी-शर्ट विकतो आणि महिनाअखेरीला हिशेब लावतो. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमांत गिटार वाजवणारी, स्वतःची गाणी लिहिणारी मुलं भेटतात आणि हमखास विचारतात, "दादा, यावर पोट भरतं का?" भरतं. मात्र कुठला पैसा कुठल्या दाराने येतो हे नीट समजून घ्यावं लागतं, आणि संगीताच्या वर्गात ते कुणी शिकवत नाही.

त्याआधी एक रुक्ष पण महत्त्वाची गोष्ट. तुम्ही एच-१बी व्हिसावर असाल, तर ज्या कंपनीने व्हिसा काढला तिच्याशिवाय इतर कुणाकडून कामाचे पैसे घेता येत नाहीत. बारमधल्या बरणीतली टिपसुद्धा त्यातच धरा. गाणी लिहा, ओपन माइकला (कुणीही येऊन गावं अशा कार्यक्रमाला) जा, ओळखी करा. पण पहिला डॉलर घेण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाशी बोला.

नॅशव्हिलला आलात की दोन वेगळी गावं दिसतील. एक ब्रॉडवे रस्त्यावरचं. तिथल्या बारमध्ये सकाळपासून मध्यरात्र उलटेपर्यंत बँड वाजत असतात, साधारण चार-चार तासांच्या पाळ्यांत. आत यायला बहुतेक ठिकाणी तिकीट नसतं, कमाई मुख्यतः टिपवर, आणि गाणी दुसऱ्यांची. तुम्ही स्वतःचं गाणं सुरू केलंत की लोक बिअर आणायला उठतात. हात तयार व्हायला ही जागा उत्तम, वादकांची घरंही तिच्यावर चालतात. गीतकार म्हणून नाव करायला मात्र ती फारशी उपयोगाची नाही.

दुसरं गाव ब्लूबर्ड कॅफेसारख्या ठिकाणी भेटतं. १९८२ मध्ये एमी कर्लंड यांनी सुरू केलेली ही जागा एका साध्या दुकानांच्या रांगेत आहे. खुर्च्या नव्वदच्या आसपास. चार गीतकार खोलीच्या मधोमध एकमेकांकडे तोंड करून बसतात आणि पाळीपाळीने आपापलं गाणं म्हणतात. याला इथे राउंड म्हणतात. शेजारच्याशी कुजबुजलात तर गप्प केलं जातं, आणि ते योग्यच आहे. सोमवारी ओपन माइक असतो. तिथे पैसे मिळतील अशी आशा धरू नका. तिथे भेटतात ती बरोबरीची माणसं, आणि पुढची सगळी कामं त्यांच्याकडूनच येतात.

या माणसांशी ओळख झाली की को-राइटचं, म्हणजे मिळून गाणं लिहिण्याचं, बोलावणं येतं. सकाळी दहा-अकराला दोघं-तिघं एका खोलीत बसतात आणि दुपारपर्यंत गाणं उभं करतात. स्फूर्तीची वाट पाहणाऱ्या आपल्या मनाला हे आधी कारकुनी वाटतं. नॅशव्हिलचा रिवाज असा, की खोलीत जितकी माणसं तितके सारखे वाटे, ओळ कुणाला का सुचेना. पण रिवाजावर विसंबू नका. कुणाचे किती टक्के, हे त्याच दिवशी कागदावर लिहून सह्या घ्या. मैत्री टिकवायला याहून चांगला उपाय मला माहीत नाही.

मराठी मुलांना इथे एक गोष्ट फार सोपी जाते. स्टुडिओत स्टाफ नोटेशनऐवजी आकडे लिहिलेला कागद मिळतो: १, ४, ५, १. जॉर्डनेअर्स या गायकचमूतल्या नील मॅथ्यूज यांनी १९५० च्या दशकाच्या शेवटी ही पद्धत बसवली आणि चार्ली मकॉय यांनी ती वादकांमध्ये पसरवली. गायिकेचा आवाज बसला असेल तर स्वर बदलतो, कागद तोच राहतो. काळी दोनचा सा काळी एकवर आणून गाणं पुढे नेणाऱ्या माणसाला हे वेगळं शिकवावं लागत नाही. १ म्हणजे सा वरचा कॉर्ड, ४ म्हणजे मध्यमावरचा, ५ पंचमावरचा.

आता हक्क. इथे घाई करू नका, कारण सगळा धंदा यावर उभा आहे. रेकॉर्ड झालेल्या प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात: शब्द आणि चाल मिळून झालेली रचना, आणि तिचं ध्वनिमुद्रण, म्हणजे मास्टर. दोन्हींचे पैसे वेगवेगळ्या वाटांनी येतात. रेडिओवर किंवा बारमध्ये गाणं वाजलं की रचनेचे पैसे बीएमआय किंवा अ‍ॅस्कॅपसारख्या संस्थेमार्फत येतात. स्ट्रीमिंगमधला रचनेचा मेकॅनिकल हिस्सा (रचनेची प्रत काढण्याबद्दलचा मोबदला) २०२१ पासून 'द एमएलसी' ही संस्था गोळा करते. तिचं कार्यालय नॅशव्हिलमध्येच आहे. इंटरनेट रेडिओ आणि सॅटेलाइट रेडिओवरच्या ध्वनिमुद्रणाचे पैसे साउंडएक्स्चेंज वाटते: ५० टक्के मास्टरच्या मालकाला, ४५ टक्के मुख्य कलाकाराला आणि ५ टक्के साथीदारांच्या निधीला. मास्टर तुमचंच असेल तर पहिले दोन्ही वाटे तुमचे. नेहमीच्या एफएमवर मात्र अमेरिकेत गायकाला एक सेंटही मिळत नाही, फक्त रचनेच्या मालकांना मिळतो. म्हणून गाणारा माणूस लिहिता असेल तर त्याचं बरं चालतं.

डिस्ट्रोकिड किंवा सीडी बेबी अशा, गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या वितरकाकडे गाणं चढवलं की सगळीकडची नोंदणी झाली, असं कित्येक जण समजतात. तशी ती होत नाही. वितरकाकडून मुख्यतः मास्टरचे पैसे येतात. बाकीच्या संस्थांत आपलं नाव आपणच घालायचं, आणि त्यासाठी एक शनिवार पुरतो. स्पॉटिफायकडून लगेच काही येईल असंही धरू नका. २०२४ पासून ज्या गाण्याला मागच्या बारा महिन्यांत किमान १,००० स्ट्रीम नाहीत, त्याला तिथे काहीच मिळत नाही.

हक्क विकायची वेळ आली की मुलांना दोन गोष्टी सांगतो. उमेदीच्या दिवसांत विली नेल्सन यांनी एक गाणं ५० डॉलरला आणि दुसरं १५० डॉलरला विकलं. पुढे दोन्ही गाजली. याउलट डॉली पार्टन यांचं एक गाणं १९७० च्या दशकात खुद्द एल्विस प्रेस्ली गाणार होता, पण त्याच्या मॅनेजरने निम्मे प्रकाशन हक्क, म्हणजे रचनेच्या कमाईतले हक्क, मागितले. बाईंनी नकार दिला आणि रात्रभर रडल्या, असं त्यांनीच अनेकदा सांगितलंय. १९९२ मध्ये तेच गाणं व्हिटनी ह्यूस्टन गायली, आणि पैसे कुणाच्या घरी गेले ते वेगळं सांगायला नको. अर्थात नेल्सन यांना मी दोष देणार नाही. घरभाडं थकलेल्या माणसाला दूरदृष्टी शिकवणारे आपण कोण?

रोजचा खर्च मात्र रस्ता आणि विक्रीचं टेबल भागवतात. जागेशी बोलणी करताना ठरलेली रक्कम मिळणार, की तिकिटांतला वाटा, की दोन्हींतलं जे जास्त ते, हे ईमेलवर लिहून घ्या. टी-शर्टच्या विक्रीतूनही काही जागा टक्केवारी कापतात, तेही आधीच विचारा. टेबलावर एक वही ठेवा, नाव, ईमेल आणि झिप कोडसाठी. पुढच्या दौऱ्यात कुठल्या गावात थांबायचं ते आम्ही त्या वहीवरूनच ठरवतो. रात्री मुक्कामाला व्हॅन अशी उभी करा की मागचं दार भिंतीला चिकटेल, म्हणजे वाद्यं चोरीला जात नाहीत. मैलांची नोंद रोज करा. २०२५ साठी कराच्या हिशेबात दर मैलामागे ७० सेंट वजावट होती, आणि टेक्सासच्या एका फेरीत ती रक्कम चांगलीच फुगते.

माझी आवडती कमाई हाउस कॉन्सर्टची. कुणाच्या तरी दिवाणखान्यात तीस-चाळीस माणसं, माइक नाही, प्रत्येकी वीस-पंचवीस डॉलरची देणगी आणि ती सगळी कलाकाराची. पुण्या-सांगलीतल्या घरगुती मैफलीसारखंच, फक्त चिवड्याऐवजी चीज असतं. यजमान जेवण आणि झोपायला खोली देतात, म्हणजे मोटेलही वाचतं.

व्हायरल होण्याचं काय, असं विचारलंत तर ऑगस्ट २०२३ चं उदाहरण आहेच: व्हर्जिनियाचा ऑलिव्हर अँथनी कुठल्याही कंपनीशिवाय, यादीत आधी कधीही नाव नसताना, थेट बिलबोर्ड हॉट १०० या अमेरिकेतल्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर आला. लॉटरी लागते, नाही असं नाही. मी टेक्सासच्या अ‍ॅरन वॉटसनकडे बोट दाखवतो. त्याचा अल्बम २०१५ मध्ये बिलबोर्डच्या कंट्री अल्बमांच्या यादीत आल्या आल्या पहिला आला. स्वतंत्र पुरुष कंट्री गायकाच्या बाबतीत असं पहिल्यांदाच घडलं. त्यामागे टेक्सासच्या डान्स हॉलमधली दीड दशकाची मेहनत होती.

राहिला आपल्या रंगाचा आणि उच्चारांचा प्रश्न. देहरादूनच्या बॉबी कॅश यांनी ऑस्ट्रेलियात टॅमवर्थच्या महोत्सवात गाऊन नाव केलं, तेव्हा दार अगदीच बंद नाही. पण पिकअप ट्रक, व्हिस्की आणि नदीकाठ यांवर तुम्ही लिहू नका. ते लिहिणारे इथे शेकड्याने आहेत, आणि ते त्यातच वाढलेत. मध्यंतरी डॅलसचा एक कोल्हापूरकडचा मुलगा आमच्याकडे को-राइटला आला. ट्रक-व्हिस्कीच्या तीन ओळी म्हणून झाल्यावर गायिकेने विचारलं, "तुझे वडील काय करतात?" मग साखर कारखान्याच्या गेटबाहेरची ट्रॅक्टरांची रांग निघाली. किती वेळ थांबावं लागतं? तोवर उसाचं काय होतं? वाळून वजन घटतं, आणि पैसे वजनावर मिळतात, असं त्याने सांगितल्यावर तिने वही पुढे ओढली आणि दुपारपर्यंत दोन कडवी झाली. नाव अजून सुचलेलं नाही. टक्केवारीच्या कागदावर मात्र तिघांच्याही सह्या झाल्यात.