माडाच्या पात्यांनी इम्बॉल्कचे स्वागत
आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी हा इम्बॉल्क या सणाचा, म्हणजेच संत ब्रिजिटचा दिवस वसंताची सुरुवात मानला जातो. गोव्यात तेव्हा आंबा-काजू मोहरलेले असतात. हा सण इथे साजरा करायचा तर सूर्योदयाच्या सुमारास सावकाश सूर्यनमस्कार घालावेत, एवढा योग पुरे. खरा वेळ ब्रिजिटच्या क्रुसाला, म्हणजे या दिवसासाठी हाताने विणायच्या क्रुसाला, द्यावा. तिकडे तो पाणथळीतल्या गवताचा विणतात. इथे माडाच्या झावळीच्या हिरव्या पात्या हीर काढून वापराव्यात. एक पाती उभी धरून दुसरी तिच्या मध्यावर दुमडावी व टोके उजवीकडे ठेवावीत. मग सगळे डावीकडे पाव फेरा फिरवून नवी पाती आधीच्या पातीवर तशीच दुमडावी आणि मधला चौकोन भरेपर्यंत हेच करत जावे. चारही टोके सुतळीने बांधून क्रूस दारावर लावावा. पाती सुकताना आक्रसते, म्हणून वीण घट्टच हवी.