फॉरमॅटची बॅच फाइल लिहिण्याआधी

आयटीआय झाल्यावर मला पहिली नोकरी लॅमिंग्टन रोडवरच्या एका कॉम्प्युटर दुरुस्तीच्या दुकानात लागली. डोंबिवलीहून दादर, तिथे गाडी बदलून ग्रँट रोड. दुसऱ्याच महिन्यात एका क्लासची ६० पेनड्राइव्हची ऑर्डर आली. राइट क्लिक, फॉरमॅट, नाव टाका, ओके. दुपारपर्यंत निम्मेही झाले नव्हते. घरी जाताना ठरवलं, उद्या हे सगळं आपोआप करणारी स्क्रिप्ट लिहायची.

लिहायला सोपीच होती. डिस्कपार्ट हे विंडोजमधलं डिस्क पुसायचं, तिचे भाग (पार्टिशन) पाडायचं टूल. त्याच्यासाठी नोटपॅडमध्ये एकाखाली एक ओळी: सिलेक्ट डिस्क १, क्लीन, क्रिएट पार्टिशन प्रायमरी, फॉरमॅट, असाइन. लेक्चरचे व्हिडिओ ४ जीबीच्या वर जात होते, फॅट३२ या फॉरमॅटमध्ये तेवढी फाइल बसत नाही, म्हणून एक्सफॅट हा फॉरमॅट घेतला. बॅच फाइलमध्ये (कमांड ओळीने चालवणारी फाइल) डिस्कपार्ट, पुढे स्लॅश एस आणि या फाइलचं नाव. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवायची, एवढंच.

पण त्या सकाळी शेठनी एका गिऱ्हाइकाची पोर्टेबल हार्ड डिस्क बॅकअपसाठी त्याच मशीनला लावून ठेवली होती. १ नंबर तिला मिळाला होता. मी एंटर दाबलं. पार्टिशनचं स्पेलिंग मी चुकवलं होतं, त्यामुळे डिस्कपार्ट त्या ओळीवर थांबलं. तोपर्यंत क्लीन मात्र होऊन गेलं होतं. स्क्रीनवर ‘अनअलोकेटेड’ (म्हणजे पार्टिशनच नाही) दिसलं आणि माझे हात गार पडले. त्यात एका कुटुंबाचे लग्नाचे फोटो होते.

शेजारच्या बाकावरच्या दादांनी आधी मला त्या डिस्कवर काहीही लिहू नकोस म्हणून बजावलं. नुसतं क्लीन पार्टिशनची नोंद पुसतं, आतला डेटा तसाच राहतो. टेस्टडिस्क या हरवलेलं पार्टिशन शोधणाऱ्या प्रोग्रामने जुनं पार्टिशन सापडलं, फोटो वाचले. स्पेलिंग बरोबर असतं तर पुढचं फॉरमॅटही होऊन गेलं असतं. (याच कारणासाठी जुनी हार्ड डिस्क विकताना नुसतं क्लीन पुरत नाही, क्लीन ऑल लागतं. ते प्रत्येक सेक्टरवर शून्य लिहितं, मोठ्या डिस्कला तासन्‌तास जातात.)

नव्याने शिकणाऱ्यांनो, डिस्कपार्ट ‘नक्की का?’ असं विचारत नाही. ज्या डिस्कवरून विंडोज चालू आहे तिच्यावर ते क्लीन करू देत नाही. बाहेरून लावलेल्या डिस्कला सहसा हे संरक्षण नसतं. डिस्कचा नंबरही कायमचा नसतो, काय काय लावलंय त्यावर बदलतो. म्हणून नंबर फाइलमध्ये पक्का लिहू नका. माझी आताची बॅच फाइल आधी लिस्ट डिस्क दाखवते आणि नंबर माझ्याकडून टाइप करून घेते. मग डिटेल डिस्कने मॉडेलचं नाव दाखवते आणि थांबते. यूएसबी आहे एवढं पाहून भागत नाही, गिऱ्हाइकाची डिस्कही यूएसबीच होती. साइझ बघा: ३२ जीबीच्या जागी १ टीबी दिसलं तर हात मागे घ्या. प्रत्येक फेरीनंतर एररलेव्हल (चूक झाली का ते सांगणारा आकडा) तपासा. लागोपाठ दोन स्क्रिप्ट चालवताना मध्ये १५ सेकंदांचा टाइमआउट ठेवा, नाहीतर आधीचं काम आवरायच्या आत पुढचं सुरू होतं.

सराव मात्र खऱ्या डिस्कवर करू नका. डिस्कपार्टमध्येच क्रिएट व्हीडिस्क (फाइलच्या रूपातली खोटी डिस्क बनवायची कमांड) आहे. १०२४ एमबीची एक फाइल बनवा, सिलेक्ट करून अटॅच करा, ती डिस्कसारखीच दिसते. तिच्यावर पाहिजे तेवढ्या वेळा क्लीन करा. बिघडली तर डिटॅच करून फाइल उडवा आणि दुसरी बनवा.