ट्रॉम्सो ते लाँगइयरबियन : अंतर आणि वेळ
उत्तर नॉर्वेतील ट्रॉम्सोहून आर्क्टिकमधील नॉर्वेच्या स्वालबार्ड द्वीपसमूहातील लाँगइयरबियनला जाताना भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवून अंतर मोजू नये, कारण ध्रुवाकडील प्रदेश त्यावर बहुधा फार ताणून दाखवलेले असतात. दोन्ही विमानतळ जवळजवळ एकाच रेखावृत्तावर आहेत. त्यामुळे अक्षांशांतील ८.६ अंशांच्या फरकाला १११ ने (अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर) गुणले की सुमारे ९५५ किलोमीटर अंतर हाती येते, म्हणजे मुंबई–दिल्लीपेक्षाही कमी. थेट विमानाला साधारण पावणेदोन तास धरावेत. घड्याळ बदलावे लागत नाही. पासपोर्ट तपासणीसाठी मात्र वेगळा वेळ हाताशी ठेवावा, कारण स्वालबार्ड शेंगेन क्षेत्राबाहेर (आपसांतील सीमांवर पासपोर्ट तपासणी नसलेल्या युरोपीय देशांच्या गटाबाहेर) आहे, आणि याच कारणाने भारतीय प्रवाशांनी दोनदा प्रवेशाची मुभा देणारा शेंगेन व्हिसा आधीच काढावा. एकदाच प्रवेश देणाऱ्या व्हिसावर परतताना नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पुन्हा उतरता येत नाही.