फ्लोटिंग डिस्क बसवण्याची तयारी: आधी बोल्ट, मग बाकीचे

मोटरसायकलच्या पुढच्या चाकाची एकसंध ब्रेक डिस्क काढून तिच्या जागी फ्लोटिंग डिस्क बसवायची ठरली की सगळे लक्ष त्या देखण्या नव्या डिस्ककडे जाते आणि ती ज्यांच्या जोरावर हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या भागाला, धरून राहणार त्या बोल्टांची आठवण चाक उघडल्यावर होते. मागच्या खेपेस माझे काम नेमके तिथेच अडले होते, म्हणून ही यादी बोल्टांपासून सुरू होते आणि पुढेही बोल्ट पुन्हा पुन्हा येतील.

त्याआधी हा खर्च कशासाठी करायचा ते एकदा ठरवून घ्यावे. सामान आणि मागे माणूस घेऊन आंबेनळीसारखा लांब घाट उतरताना डिस्कची कड भरपूर तापते, पण हबला टेकलेला मधला भाग त्या मानाने थंड राहतो. ३०० मिमी व्यासाची पोलादी रिंग ३०० अंश सेल्सिअसने तापली तर तिचा व्यास जवळजवळ १ मिमीने वाढू पाहतो. एकसंध डिस्कमध्ये या वाढीला वाट मिळत नाही, त्यामुळे ती उथळ ताटलीसारखी किंचित वाकते आणि ब्रेक लिव्हरवर थरथर जाणवू लागते. फ्लोटिंग डिस्कमध्ये बाहेरची पोलादी रिंग आणि हबला टेकणारा ॲल्युमिनियमचा मधला भाग, म्हणजे कॅरिअर, हे दोन भाग बॉबिनांनी (किंचित हलू देणाऱ्या गोल खुंट्यांनी) जोडलेले असल्याने रिंगला फुगायला जागा मिळते. यापलीकडे फार अपेक्षा ठेवू नये. हिमालयन ४११ सारख्या गाडीचा दोन पिस्टनांचा कॅलिपर (पॅड डिस्कवर दाबणारा भाग) मुळात पिनांवर सरकणारा आहे, आणि डिस्कचा व्यास तोच राहणार असेल तर पकड वाढवण्याचे काम डिस्कपेक्षा चांगले पॅडच अधिक करतात.

आता बोल्ट. नव्या डिस्कसोबत बोल्ट येतीलच असे गृहीत धरू नका. खोक्यात आहेत का ते विकत घेतानाच उघडून पाहा, आणि नसतील तर बसवण्याच्या दिवसापूर्वी आणा. जुने बोल्ट बरे दिसतात म्हणून तेच पुन्हा वापरण्याचा मोह होतो, पण त्यांच्या आट्यांवर जुन्या लॉकिंग द्रवाचा (बोल्ट सैल होऊ नये म्हणून लावलेल्या चिकट द्रवाचा) थर बसलेला असतो आणि काढताना डोक्याची खाच निम्मी झिजलेली असते. त्याहून महत्त्वाची गोष्ट लांबीची आहे. मूळ डिस्क ५ मिमी जाड आणि नवा कॅरिअर ७ मिमी असेल, तर जुना बोल्ट हबमध्ये २ मिमी कमी शिरतो, आणि ॲल्युमिनियमच्या हबमध्ये एम८ (८ मिमी व्यासाच्या) बोल्टचे निदान १२ मिमी आटे धरलेले असावेत. उलट कॅरिअर पातळ असेल आणि हबचे भोक बंद असेल, तर बोल्ट भोकाच्या तळाला टेकतो, टॉर्क रेंच, म्हणजे ठरलेल्या जोराची खूण देणारा पाना, वेळेवर टक्क वाजतो, हाताला सगळे घट्ट लागते आणि डिस्क मात्र दाबली गेलेलीच नसते. हा दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून मोजमाप आधी करायचे. वर्नियरच्या मागच्या पट्टीने भोकाची खोली घ्या, बोल्टच्या डोक्याखालच्या लांबीतून कॅरिअरची जाडी वजा करा, आणि उरलेली लांबी भोकाच्या खोलीपेक्षा १ ते २ मिमी कमी भरते याची खात्री करा. हे गणित कागदावर लिहून ठेवा आणि बोल्ट आणायला जाताना कागद खिशात असू द्या.

बोल्ट आणताना स्टेनलेसच्या चकाकीला भुलू नका; सर्वसाधारण स्टेनलेस बोल्टची ताकद १०.९ दर्जाच्या पोलादी बोल्टपेक्षा कमी असते. पहिली पसंती गाडीच्या कंपनीच्या बोल्टला द्यावी. ते योग्य लांबीचे मिळत नसतील तर पुण्यात नाना पेठ आणि मुंबईत नागदेवी स्ट्रीट इथे नीट विचारून, दर्जा आणि आट्यांचे माप पाहून घ्यावेत. डोक्याची उंचीही पाहा, कारण उंच डोके फोर्कच्या नळीला किंवा कॅलिपरच्या ब्रॅकेटला घासू शकते. एखादा बोल्ट जास्तीचा घ्या.

डिस्कची जुळणी तपासण्यासाठी चाक उघडावे लागले तरी हरकत नाही, पण हे काम घाईच्या दिवशी करू नका. व्यास आणि भोकांचे अंतर विक्रेता सांगतोच. ऑफसेट, म्हणजे हबपासून रिंग किती पुढे-मागे येते ते अंतर, मात्र स्वतः मोजा. दोन्ही डिस्क सपाट काचेवर ठेवून हबला टेकणाऱ्या पृष्ठभागापासून घर्षणाच्या पृष्ठभागापर्यंतची उंची घ्या, कारण तिथे फरक असेल तर रिंग कॅलिपरच्या मध्यावर येणार नाही. एबीएस असेल तर टोन रिंग (सेन्सरला चाकाचा वेग कळवणारी खाचांची चकती) डिस्कच्याच बोल्टांखाली दाबली जाते की हबवर वेगळी बसते ते पाहा; बोल्टांखाली असेल तर तिची जाडीही वरच्या गणितात धरावी लागेल, आणि सेन्सरचे अंतर बदलणार नाही हेही बघावे लागेल.

हत्यारांपैकी टॉर्क रेंच आणि हीट गन अत्यावश्यक आहेत. बाकीची तुमच्याकडे असतीलच. जुने बोल्ट लॉकिंग द्रवाने घट्ट धरलेले असतात, त्यांना गरम न करता जोर लावला की डोके आतून गोल होते आणि पुढचा सगळा दिवस ड्रिल मशीनवर जातो. उष्णता फक्त बोल्टच्या डोक्यावर द्या, बेअरिंगच्या सीलपासून दूर ठेवा, बिट हातोडीने ठोकून पूर्ण खोल बसवा आणि मगच पाना फिरवा. चाक बाहेर असताना लिव्हर कोणी दाबू नये म्हणून पॅडांमध्ये लाकडाची पट्टी ठेवा. घरात लहान मुले असतील तर हे विसरू नका.

बसवण्यापूर्वी हबच्या टेकणाऱ्या भागावरचा गंज आणि रंगाचे पापुद्रे काढा, नाहीतर सरळ डिस्कही लचकत फिरेल. भोकांतला जुना लॉकिंग द्रव खरवडून, ब्रेक क्लीनर मारून पूर्ण सुकवा. नव्या डिस्कवरचे गंजरोधक तेलही ब्रेक क्लीनरनेच पुसा, कारण ते पॅडमध्ये मुरले तर पॅड फेकावे लागतात. पॅड नवेच घ्या. फिरण्याच्या दिशेचा बाण पाहा. आणि पुन्हा बोल्ट: आट्यांवर मध्यम ताकदीचा निळा लॉकिंग द्रव लावा, बंद भोक असेल तर थेंब भोकातही सोडा, सगळे बोल्ट आधी हाताने पूर्ण फिरवून घ्या, मग समोरासमोरच्या क्रमाने दोन-तीन टप्प्यांत आवळा. टॉर्कचा आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधूनच घ्या, मित्राच्या गाडीचा चालणार नाही. शेवटी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावरून कॅरिअरवर रंगाची एक रेघ ओढा. द्रवाला पूर्ण पकडायला साधारण २४ तास लागतात, तेव्हा गाडी त्या दिवशी बाहेर काढू नका.

चाक चढवताना पिस्टन मागे ढकलले की हँडलवरच्या ब्रेक टाकीतले डॉट ४ ब्रेक ऑईल वर येते आणि सांडले तर रंग खाते, म्हणून झाकण उघडून लक्ष ठेवा. एक्सल आणि कॅलिपरचे बोल्ट टॉर्कनेच आवळा. गाडी हलवण्यापूर्वी लिव्हर घट्ट होईपर्यंत पंप करा. पहिल्या दाबाला ती हँडलला टेकते.

नवे पॅड आणि डिस्क एकमेकांशी नीट जुळावेत म्हणून मोकळ्या रस्त्यावर ताशी ५० किलोमीटरवरून १० पर्यंत वीसेक वेळा वेग कमी करा, मध्ये डिस्क थंड होऊ द्या आणि तापलेल्या डिस्कवर ब्रेक दाबून उभे राहू नका. बॉबिनांची बारीक खडखड पूर्ण फ्लोटिंग डिस्कमध्ये असतेच. सामान लादून घाटात नंतर जा. पहिल्या शंभर किलोमीटरनंतर बोल्टांवरच्या रेघा पाहा. रेघ जुळत असेल तर पाना लावू नका, कारण सुकलेल्या द्रवाची पकड त्याने सुटते, आणि रेघ तुटली असेल तर तो बोल्ट काढून, साफ करून, नवा द्रव लावून पुन्हा बसवा.